बोळातली जांभई

तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात, गुडघे एकदा खाली गेले की वर यायला कुरकुर करतात.) तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींनाही नमस्कार सांगा. गेल्या रविवारी इथल्या कलाकेंद्रात तुमच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या हिच्या, चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन झालं आणि तुम्हाला साधा फोनही गेला नाही, म्हणून तुम्ही फुगून बसला असाल. खुशाल फुगा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

त्या दिवशी एकदम दोन प्रदर्शनं उघडायची होती. मोठं दालन एका नावाजलेल्या शिल्पकारांना, आणि हात धुवायच्या बेसिनकडे जाणारा बोळ तुमच्या बहिणीला. “एक जरी माणूस माझ्या चित्रापुढे आपणहून थांबला नाही, तर ब्रश कायमचे माळ्यावर टाकीन,” असं तिने सकाळीच जाहीर केलं. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे तुम्हाला मी काय सांगायचं! तेव्हा मी (नवरा असलो तरी डोकं चालतं) चहाचं टेबल गुपचूप त्या बोळात नेऊन ठेवलं. गर्दी झाली हो, पण सगळी चित्रांकडे पाठ करून. शिवाय चहाच्या वासावर झाडून सगळे पाहुणे बोळातल्या मागच्या दारानेच आत शिरले, आणि पुढच्या दाराची फीत तशीच राहिली. अखेर मुख्य पाहुण्यांनी ती आतून कापली. (बाहेर एकटा पहारेकरी होता, त्याने मनापासून टाळ्या वाजवल्या.) पण आता आत शिरायचं कोणी? म्हणून सगळे आधी बाहेर पडले आणि रीतसर पुन्हा आत आले. तेवढ्यात मोठ्या दालनाची किल्ली शिल्पकारांच्या दुसऱ्या कोटात, घरी राहिल्याचं उघड झालं, आणि सगळी वरात आमच्या बोळात वळली.

पहिल्याच चित्रात एक गृहस्थ आरामखुर्चीत बसून जबडा निखळेल अशी जांभई देताहेत. मुख्य पाहुणे त्यापुढे थांबले, त्यांनी चष्मा सावरला, आणि चांगली लांबलचक जांभई दिली. तुमच्या बहिणीचा चेहरा खर्रकन उतरला. मग केंद्राच्या व्यवस्थापकबाईंनी जांभई दिली, मग फोटोग्राफरने, मग (देवा रे!) मीही. मुख्य पाहुणे ओशाळून माफी मागू लागले, तशा मागच्या एक आजीबाई तोंडावर हात धरून हसत सुटल्या. “अहो, माफी कसली मागताय? ह्याच्याकडे बघितलं की येतेच!” मग काय विचारता! लोक मुद्दाम पुढे घुसून बघायला लागले, जांभया देत नि हसत. भाषणात मुख्य पाहुण्यांना दर वाक्याला आ वासून थांबावं लागलं. किल्ली आली, दालन उघडलं, तरी बोळ हलेना. तुमची बहीण हसत हसत डोळे पुसत होती, दादा. लग्नाच्या दिवसानंतर तिला इतकी खूश मी पाहिलेली नाही. (लग्नाच्या दिवशी तिला माझी पुरती ओळख नव्हती.)

बाकी सर्व ठीक. कंबरेला शेक चालू ठेवा.

आपला
(आणि तुमच्या बहिणीचाही)

ता. क. चित्रातल्या गृहस्थांच्या हनुवटीवर तीळ आहे आणि गळ्यात तपकिरी मफलर. आलं ना लक्षात? गेल्या खेपेला तुम्ही आमच्याकडे आला होतात, तेव्हा मी माझ्या निवृत्तीच्या समारंभाची हकीकत सांगत होतो आणि ती कोपऱ्यात बसून काहीतरी रेखाटत होती. मला वाटलं, माझं चित्र काढतेय.

आणखी ता. क. ‘दादा रागावेल’ म्हणून तिने तुम्हाला कळवलं नाही, आणि रोज संध्याकाळी बोळात उभी राहून दाराकडे बघते तीही तीच. येत्या रविवारी प्रदर्शन संपतंय. रागावून या, पण या. मफलर आठवणीने घाला. जांभईची काळजी नको. निवृत्तीची हकीकत त्या दिवशी अर्धीच राहिली होती, ती मी चित्रापुढे उभा राहून पूर्ण करीन.