रिकामं मशीन

४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गिऱ्हाइकासमोरच वाचलं आणि तिच्या कोटाची बाही उलटी जोडली. सहा महिने येऊ नकोस म्हणतेस. मुलाची ओढ आधी एकाच माणसाशी पक्की व्हावी लागते, मी दिसले तर त्याचा गोंधळ होईल, असं तुझ्या पुस्तकात आहे म्हणे. तुझा गोटू दीड महिन्याचा असताना त्याचे बाबा जहाजावर आणि तू परगावी संशोधनाला. चौदा महिने मी त्याला वाढवलं, तेव्हा हे पुस्तक कुठल्या कपाटात होतं?

त्याला नेऊन तीन आठवडे झाले नाहीत, तोच कॉलेजातल्या त्या खोलीत परीक्षेला बसवलंस. खेळणी, एक अनोळखी बाई, तू बाहेर जाणार, तीन मिनिटांनी परत येणार, आणि तो रडतो का ते काचेआडून बघणार. तो रडला नाही, तू आल्यावर मान वर केली नाही, म्हणून वहीत त्याच्या नावापुढे ‘टाळणारा’ लिहिलंस. अगं, चौदा महिने खोलीबाहेर कोण होतं? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते तू ठरव.
ताई

११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जा, मी आहे, असं तूच म्हणाली होतीस. मी परत येते म्हटलं की, आता थोडंच राहिलंय, पुरं कर, म्हणायचीस. आणि तो तुला आई म्हणायचा, तू गप्प बसायचीस, हे मला शेजारच्या काकूंकडून कळावं?

रडलं नाही म्हणजे मूल शांत आहे असं नसतं. हे मी वर्गात साठ जणांना शिकवते. त्या दिवशी खोलीत परत जाऊन त्याला उचललं, तर हाताला त्याची छाती धडधडताना लागली. तोंड मात्र ठोकळ्यांकडेच.

दुपारी तो झोपत नाही, जमिनीला कान लावून पडतो. तो तुझ्या शिलाई मशीनची घरघर शोधतोय हे मला चार दिवसांनी उमगलं. जुन्या बाजारातून पायमशीन आणलंय. मला शिवता कुठे येतं? दोरा न ओवता रिकामंच चालवते. तो झोपतो, माझ्याकडे पाठ करून. आता तर येऊच नकोस.

धाकटी

१७ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

रिकामं मशीन चालवू नये, कापड नसलं की ते सरकवणारे खालचे दाते झिजतात. एवढी शिकलीस, हे कुणी सांगितलं नाही?

हो, आई म्हणाला. तेव्हाच मी त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण मला बरं वाटलं. त्याचा राग धर, पण माझ्या चौदा महिन्यांना चूक म्हणू नकोस.

सोबत त्याचा सदरा कापून पाठवतेय. खडूच्या खुणा केल्यात, सगळी सरळ शिलाई आहे. मी येणार नाही. शिवायचं तूच.

ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

सदरा झाला. एक बाही लांब आहे, हसू नकोस. माझा राग गेलेला नाही.

काल शिवताना बेल वाजली म्हणून मशीन थांबवून दाराशी गेले. गोटू उठून रडायला लागला. परत आले, तर माझे कपडे मुठीत धरून मशीनशेजारी उभा राहिला. तो माझ्यासाठी रडला की मशीनसाठी? वही उघडून बसले, पण काहीच लिहिता आलं नाही. तू त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस, हे कबूल करणं अजून जड जातं.

ये, आणि सांग.

तुझी,
धाकटी