रेकू आणि उपडी होडी

डुलुथ, ३० ऑगस्ट १९८१

ती. आयलीताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, डॉक्टरपुढे माझं काही चाललं नाही. मे महिन्यात मोडलेलं खुब्याचं हाड जुळलंय, पण यापुढे जिना चढायचा नाही म्हणे. माझ्या घरात जिन्याशिवाय दुसरं आहे काय? पुढच्या आठवड्यात म्हाताऱ्यांच्या इमारतीत खोली मिळतेय. लिफ्ट आहे, दोन वेळचं जेवण आहे, कुत्रा मात्र चालत नाही. तिथल्या बाई गोड हसून म्हणाल्या, की पिंजऱ्यातला पक्षी चालेल. मी विचारलं, पक्षी मला फिरायला नेणार का? त्यावर त्यांनी नुसता फॉर्म पुढे केला.

माझी एल्मा वारल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून या घरात माझं ऐकून घेणारा रेकू एकटाच. त्याला तुझ्याकडे पाठवू का? तुझ्याकडे मुस्ती आणि पेनी ही दोन कुत्री आधीच आहेत, म्हणजे भरल्या घरात सून पाठवण्यासारखंच झालं. महिनाभर बघ. त्या दोघांनी त्याला घेतलं तर उत्तमच. नाही घेतलं तर परत पाठव. मग मी हे घर विकणार नाही. जिन्यावरून रांगत जाईन, पुन्हा पडलो तर पडलो, पण त्याला परक्याच्या दारात बांधणार नाही.

दाजींना विचारलंस का? बाबांच्या मयताच्या दिवशी मी कॉफी अर्धी टाकून निघालो, त्याला अकरा वर्षं झाली. बाबांनी हाताने बांधलेल्या होडीला, फळी बदलायची सोडून, जो माणूस पत्रा ठोकतो, तो माझ्या कुत्र्याचं काय करेल याची धास्ती आहेच. आमचे पाद्री शनिवारी तुमच्या बाजूला येताहेत, त्यांच्या गाडीत जागा आहे.

लोभ असू दे, निदान कुत्र्यापुरता तरी.

तुझा धाकटा,
रेइनो


हॅनकॉकजवळ, तळ्याकाठी
७ सप्टेंबर १९८१

चि. रेइनो यास,
अनेक आशीर्वाद.

रेकू पोचला. आल्या आल्या घरात रणकंदन झालं, आणि चूक सर्वस्वी माझी. शनिवार होता, साउना तापलेला होता, दगडांवरून वाफ निघत होती. आपल्या फिनिश लोकांत पाहुण्याला पहिली वाफ देतात, हे तुला सांगायला नको. दिवसभर गाडीत बसून आलेला जीव, म्हणून मी त्याला थेट साउनात नेलं. दार उघडं ठेवून, कोमट पाण्याने, डांबरी साबण लावून चांगला खसाखसा घासला. बिचारा कोकरासारखा उभा होता. मग पुसून, चकचकीत करून स्वयंपाकघरात आणला.

मुस्तीने त्याला पुढून हुंगलं, मागून हुंगलं, पुन्हा पुढून हुंगलं. हाती काहीच लागेना, तेव्हा तिने सरळ त्याचा उजवा कान धरला. रक्त आलं. पेनी टेबलाखालून बोंबलत होता. माझी वेलचीची पावरोटी जमिनीवर पडली, तेवढी मात्र तिघांनी एकदिलाने संपवली. हे म्हणाले, की कुत्र्याचं नाव, गाव, कूळ सगळं त्याच्या वासात असतं. ते तू आधी धुऊन टाकलंस आणि मग ओळख करून द्यायला निघालीस. कान बरा होतोय, काळजी नको.

यांचं म्हणशील तर, तुझं पत्र आल्यापासून चार दिवस धुसफूस चालली होती. तुमच्या घराण्यातलं एक माणूस या घरात पुरेसं आहे, असं माझ्याकडे बघून दोनदा म्हणून झालं. पण काल सकाळी स्वतःच दोरी घेऊन उभे. नव्या कुत्र्याची जुन्यांशी गाठ घरात घालायचीच नाही, म्हणाले. आम्ही चर्चच्या रस्त्यावर गेलो. तो रस्ता ना मुस्तीचा, ना रेकूचा. एका कडेने मुस्तीला घेऊन हे, दुसऱ्या कडेने रेकूला घेऊन मी, तोंडं एकाच दिशेला. समोरासमोर आणलं की भांडण होतं, एका दिशेने चालवलं की हळूहळू विसरतात, असं यांचं मत. मैलभर चाललो, कुणी गुरगुरलं नाही.

त्याआधी यांनी फावडं घेऊन अंगणातली झाडून सगळी हाडं उचलली, पुरलेलीसुद्धा. हाड मध्ये असेपर्यंत दोघांचं कधी जमत नाही, म्हणाले. मी यांच्याकडे बघितलं. हे फावड्याकडे बघत राहिले.

जेवणाची हेळसांड करू नकोस. इकडचा लोभ आटलेला नाही, तुझाही आटू देऊ नकोस.

तुझी,
आयलीताई


डुलुथ, २७ सप्टेंबर १९८१

ती. आयलीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग कानाचं वाचून दोन घास कमी गेले. दाजींना सांग, त्याच्या डाव्या बाजूने जाऊ नका. त्या कानाने त्याला ऐकू येत नाही, दचकून चावेल. माझ्यातर्फे आभार मात्र मानू नकोस. ते मला चर्चच्या रस्त्यावर नेऊन कधी चालले नाहीत.

इथे सगळं छान आहे, असं मी सगळ्यांना सांगतो. फरशी इतकी चकचकीत, की काठी घसरते. साउना नाही. लोक टबात बसतात, आपलाच मळ आपल्याभोवती तरंगत ठेवतात आणि त्याला आंघोळ म्हणतात. जेवायला टेबलावर चौघे समोरासमोर बसतो आणि चौघेही सुपाकडे बघतो. संध्याकाळी पाच वाजले की माझा हात दाराजवळच्या खुंटीकडे जातो. दोरी रेकूबरोबर गेली, आणि इथे तर खुंटीही नाही.

ताई, मला इथे करमत नाही. हे एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. महिना संपत आलाय. रेकूचं खरं काय ते कळव, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून काही रंगवू नकोस. घराचे कागद अजून माझ्याच ट्रंकेत आहेत.

आशीर्वाद असू द्या, खरं सांगण्याची हिंमतही असू द्या.

तुझा,
रेइनो


तळ्याकाठी, ११ ऑक्टोबर १९८१

चि. रेइनो यास,
अनेक आशीर्वाद.

खरं सांग म्हणालास, म्हणून दोन आठवडे थांबले. रस्त्यावर तिघांचं झकास जमायचं. पण घराचं दार आलं की मुस्ती उंबऱ्यावर आडवी पडायची, आणि रेकू मुकाट्याने तळ्याकडे वळायचा. तिथे बाबांची होडी उपडी पडलेली आहे, अकरा वर्षं तिला कुणी हात लावलेला नाही. तिच्याखाली जाऊन झोपायचा. आता दंव पडायला लागलं. हे रोज संध्याकाळी बोलवायला जायचे, बडबडत परत यायचे.

मंगळवारी मात्र रेकू बाहेरच येईना. त्र्याहत्तर वर्षांचा हा माणूस पोटावर सरपटत होडीखाली शिरला. अर्धा तास झाला तरी परत नाही. मला वाटलं, झालं, छातीत कळ आली. धावत गेले, तर हे उताणे पडलेले, रेकूचं डोकं यांच्या पोटावर, आणि हे आतून त्या फळ्यांवर हात फिरवताहेत. मला विचारलं, देवदार निवडला कुणी? मी म्हटलं, बाबांनी आणि रेइनोने. तो चौदा वर्षांचा होता, दोघांनी मिळून दलदलीतून खांद्यावरून आणला, रेइनोचा खांदा महिनाभर सोललेला होता. ही गोष्ट यांना माहीतच नव्हती. तू सांगितलं नाहीस, त्यांनी विचारलं नाही, आणि मी अकरा वर्षं तुम्हा दोघांना कॉफी पाजण्यातच धन्यता मानली. रागही मला माझाच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिळे उपसल्याचा आवाज आला. पत्रा काढत होते. दिवसभर तिथेच होते, रेकू शेजारी बसलेला. दुपारी मुस्ती उठली, काय चाललंय ते बघायला गेली आणि रेकूपासून चार हातांवर बसली. पेनी तर काय, शेपटासारखा मागे. संध्याकाळी तिघं यांच्यामागून एका रांगेत घरी आली, आणि मुस्ती उंबऱ्यावर थांबली नाही. आता रेकू चुलीजवळ झोपतो, तिच्यापासून हातभर अंतरावर.

तेव्हा जमलं, बाळा. घर विकायला तू मोकळा आहेस. पण हे लिहिताना मला आनंद होत नाही. कुत्र्याला घर मिळालं आणि माझा भाऊ तिथे सुपाकडे बघत बसलाय. माझी शिवणाची खोली तळमजल्यावर आहे, एक पायरी नाही. पण मी बोलावलं तर तू येणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. ते बोलावणं ज्याच्या तोंडून यायला हवं, तो माणूस दिवसभर रंधा मारतोय.

तब्येतीला जप. माया आहे तेवढीच आहे, ती काही तुझ्या हट्टाने कमी होत नाही.

तुझी,
आयलीताई


तळ्याकाठी, १५ ऑक्टोबर

रेइनो यास,

मला पत्र लिहिता येत नाही. आयलीला विचारलं तर ती रडेल, म्हणून तिला न विचारता लिहितोय.

पत्रा ठोकणं चूक होतं. त्या दिवशीही कळलं होतं. तू सगळ्यांसमोर बोललास म्हणून कबूल केलं नाही.

देवदाराच्या दोन फळ्या मिळाल्या. वाफ देऊन वाकवायच्या आहेत. दुसरं टोक धरायला माणूस लागतो. आयलीच्या हातात आता जोर नाही. बसून धरलं तरी चालेल, खुब्याला त्रास होणार नाही.

शनिवारी, २४ तारखेला, बसने ये. घरापर्यंत येऊ नकोस. चर्चच्या कोपऱ्यावर उतर. मी तिघांना घेऊन तिथे असेन. तू रस्त्याच्या उजव्या कडेने चाल, मी डावीकडून. समोर बघायचं. बोललंच पाहिजे असं नाही. तुला झेपेल तेवढ्याच वेगाने चालू, मलाही हल्ली धाप लागते. साउना तापलेला असेल.

शिवणाच्या खोलीत पलंग लावलाय. मुस्तीची हरकत नाही.

एक सांगायचं राहिलं. निघताना आंघोळ करून येऊ नकोस. कुत्रा ओळखणार नाही.

वाइनो


(पोस्टकार्ड)
डुलुथ, २० ऑक्टोबर १९८१

ती. दाजींस,
सा. न. वि. वि.

शनिवारच्या बसने येतो. कोपऱ्यावर उतरतो. बरोबर ट्रंक आहे, ती तुम्हाला उचलावी लागेल.

रविवारपासून आंघोळ केलेली नाही. इथल्या बाई आतापासूनच नाक धरून विचारतात, आजोबा, झालंय तरी काय? मी त्यांना सांगितलं, घरी चाललोय.

लोभ असावा. नसला तरी फळीचं दुसरं टोक धरेन.

आपला,
रेइनो