शेंगाचटणीच्या करंज्या

जुळे सोलापूर,
आश्विन शुद्ध द्वादशी, शनिवार

चि. सौ. अंकितास,

आशीर्वाद. तुझ्या आईंना नमस्कार सांग. वडिलांचा खोकला कसा आहे ते कळव. इकडे सगळं ठीक.

आज दुपारी बजाबाईनं आपल्या स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, की आपल्या खिरापतीची बातमी तू फोडलेली नव्हतीस. खालच्या मजल्यावरच्या चंद्रव्वाला विचारून मी खात्री केली. दोघींना वेगवेगळं गाठलं, एकमेकींशी बोलायला वेळ दिला नाही. साक्ष जुळली.

हे फोनवर सांगितलं असतं, पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी शिवकुमार कान देऊन बसतो. बायकोची चौकशी करायची नाही, पण ऐकायचं सगळं. तो उद्या वैरागला तुझ्या माहेरी येतोय, त्याच्याच हाती पत्र देते. पाकीट डिंकानं चिकटवलंय. उघडल्यासारखं दिसलं तर मला कळव.

तू म्हणशील, आत्यांचा संशय काही जात नाही. मंद्रूपच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मी कॉपी पकडली. कुणाची मान कुठं वळली, हे बघायची डोळ्यांना सवय लागते. ती निवृत्तीच्या दिवशी सुटत नाही.

ललिता पंचमीचं तू विसरली नसशील, तरी माझ्या बाजूनं लिहिते. गाणी झाली, फेर थांबला आणि आपला डबा मध्ये आला. आठ वर्षांत आपली खिरापत या कॉलनीत कुणाला ओळखता आली नव्हती. बायकांनी डबा हलवायचा, "गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं?" विचारायचं, वीस नावं घ्यायची आणि हरायचं, हा माझा लौकिक. यंदा चंद्रव्वानं डब्याला हातसुद्धा लावला नाही. "करंजी," म्हणाली, "पण तिखट. आत शेंगाचटणी." करंजीत शेंगाचटणी कुणाच्या डोक्यात येईल, सांग! मी झाकण उघडलं आणि सगळ्या हसल्या. मी तुझ्याकडं पाहिलं. तू खाली बघत होतीस. मला वाटलं, मिळाला पुरावा.

मग भर भोंडल्यात म्हणाले, "घरात सून आणली की बातमीदार, हेच कळेना." तू डबा उचललास आणि प्रत्येकीच्या हातावर दोन-दोन करंज्या ठेवत गेलीस. घरी आल्यावर एवढंच विचारलंस, "आत्या, तुम्हाला खरंच असं वाटतं?"

मी म्हणाले, "वाटायचं काय त्यात? दिसतंच की."

आता बजाबाईचं. दिवाळीच्या फराळाचं विचारायला म्हणून आज तिला वर बोलावलं, तर ती माझ्याकडं बघेचना. मी नुसत्या अंदाजानं विचारलं, "पंचमीला चंद्रव्वाकडं कशाला गेली होतीस गं?"

"तुमाला कुनी सांगितलं, बाई?" म्हणाली, आणि मग सुटलीच. "माजा सिलिंडर संपला की हो त्या दिशी! निम्म्या करंज्या तळायच्या ऱ्हायल्या. चंद्रव्वाच्या गॅसवर तळल्या. कुनाच्या ते म्या सांगितलं न्हाय, पर तुमचा डबा कोन वळखत न्हाय व्हय?"

तशीच खाली गेले. चंद्रव्वा भाजी निवडत होती. म्हटलं, "माझी सून घर सोडून गेली आणि तू गप्प कशी?" ती म्हणाली, "बजाबाईनं शपथ घातली होती, बाई. निम्म्या बिल्डिंगचे खिरापतीचे डबे गुपचूप तीच करते. फुटलं असतं तर तिचं काम गेलं असतं. आणि मी तर गंमत केली. तुम्ही तलवार काढाल, हे काय ठाऊक?"

म्हणजे करंज्या माझ्या हातच्या नव्हत्या. हे तुला आता सांगतेय असं लिहिणंही खोटंच. बजाबाई जाता जाता म्हणाली, "सूनबाई जिन्यात भेटल्या व्हत्या. माज्या हातात डबा बघितला. म्हनल्या, मावशी, मी काय बघितलंच न्हाय. आत्यांना कळू देऊ नका."

बातमी फोडल्याचा आळ मी तुझ्यावर घेतला, तेव्हा तू माझीच बातमी पोटात ठेवून उभी होतीस. "आत्यांनी त्या केल्याच नाहीत," एवढं म्हणाली असतीस तरी सुटली असतीस.

विकतच्या का आणल्या, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. श्रावणातला ताप उतरला आणि माझ्या तोंडाची चव गेली. मीठ कळत नाही, तिखट नुसतं पोळतं. येईल म्हणून वाट पाहिली. कुणाला सांगितलं नाही. अंदाजानं करत राहिले. त्याच दिवसांत दोनदा तू आमटीच्या पातेल्याचं झाकण काढून उभी दिसलीस. मला वाटलं, ही माझ्या स्वयंपाकातल्या खोड्या शोधतेय, माहेरी सांगायला. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी शिवकुमारनं मीठ मागितलं. चौथ्या दिवशी आमटी बाजूला सारून दह्याशी भाकरी खाल्ली. तू पातेल्यापाशी काय करत होतीस, ते मला पाचव्या दिवशी समजलं.

अजून एक आहे. ते लिहावं की नको, म्हणून मध्ये उठून दोनदा चहा करून आले.

षष्ठीच्या सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा तुझा फोन मी उघडला. आकडे मला ठाऊक होते. चंद्रव्वाला कॉल नाही, मेसेज नाही. आईशी झालेलं बोलणंही वाचलं. त्यात आपल्या घराबद्दल एक वाकडा शब्द नव्हता. म्हणजे तू बॅग भरत होतीस, तेव्हा मला कळलेलं होतं. तरी दारात उभी राहून मी म्हणाले, "जपून जा." एवढंच.

चूक बजाबाईच्या सिलिंडरची नाही, चंद्रव्वाच्या शपथेची नाही. मला माझं हरणं झाकायचं होतं, आणि झाकायला तू समोर होतीस.

सोमवारी कोजागरी, भोंडल्याचा शेवटचा दिवस. फेर धरायच्या आधी, बरोबर सहाला, मी सगळ्यांसमोर बोलणार आहे: करंज्या बजाबाईच्या, चव माझी गेलेली, आणि अंकितावर घेतलेला आळ खोटा. बजाबाईला विचारलंय. ती म्हणाली, "माजं नाव घ्या, पर बाकीच्या बायांची घिऊ नका. न्हायतर दिवाळीला मला कोन बलवंल?" ते पाळीन. चंद्रव्वाला पुढं बसायला सांगितलंय, म्हणजे मला ऐनवेळी मागं फिरता येणार नाही. माझा माझ्यावरही भरवसा नाही.

वैरागहून तीनच्या सुमाराला निघालेली एसटी साडेचारपर्यंत सोलापूरला पोचते, चौकशी केली आहे. मी स्टँडवर असेन. तू उतरलीस तर आपण दोघी रिक्षानं येऊ. उतरली नाहीस तर मी एकटी येईन, आणि सहाला जे बोलायचं ते बोलेनच. तू ऐकायला नसलीस म्हणून त्यातला शब्द कमी करणार नाही.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझी
आत्या