यादीतून खोडलेलं रक्त

३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

निरोगी माणसाचा नमुना म्हणून तू दिलेलं रक्त तुझ्यासारखंच हट्टी निघालं. आमची नॅनोतार केसाहून हजारपट बारीक. रक्तात कर्करोगाचं ठरावीक प्रथिन असलं की ते तिला चिकटतं आणि तारेतला प्रवाह बदलतो. निरोगी माणसापुढे तिनं गप्प बसायचं. बाकी चाळीस जणांपुढे बसली, तुझ्या थेंबाला मात्र बोंबलली. तार बसवलेल्या तीन वेगवेगळ्या चिपा वापरून पाहिल्या, तरी तेच. सर वैतागले. तारच बिघडली असणार म्हणून मी तुझा नमुना यादीतून खोडला. उगाच घोर लावून घेऊ नकोस.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तो उतू जाऊ दे.

तुझा बारक्या

१९ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं, दोघं खूप हसलो. हल्ली पोट फुगल्यासारखं वाटतं, दोन घासांत भरतं. हे म्हणतात डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, घरात शास्त्रज्ञ असताना कशाला? तूच सांग, जाऊ का?

जेवत जा वेळेवर.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

अगं, वयानं होतं तसं. रोज चालत जा, डॉक्टर काय वेगळं सांगणार? इकडे शोधनिबंध स्वीकारला गेला. एकाही निरोगी माणसाला खोटा इशारा नाही, असं ठळक छापणार आहेत. माझी नोकरी कायम झाली.

लोभ वाढवावा, वजन नको.

बारक्या

१४ सप्टेंबर

चि. बारक्यास आशीर्वाद.

अंडाशयाचा कर्करोग आहे, पोटभर पसरलाय. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आला असतात तर काढून टाकता आला असता. मी बोटांवर मागे मोजत गेले, मार्च आला.

ताई

२२ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

रडून रडून डोळे सुजले. पण आता चूक कबूल केली तर निबंध मागे घ्यावा लागेल, नोकरीही जाईल. तू समजून घेशील. एक मागू का? रोग्यांच्या यादीत नमुने कमी पडतायत. नर्सला सांगून एक बाटली पाठवशील?

लोभ कमी होऊ देऊ नकोस.

बारक्या

३० सप्टेंबर

बारक्या,

आशीर्वाद ह्या खेपेला लिहवत नाही. रक्त पाठवणार नाही. माझं मार्चचं तुझ्या फ्रीजरमध्ये आहे, तेच काढ आणि मला पुन्हा यादीत लिही, तारखेसकट. निबंध छापणाऱ्या संपादकांनाही हेच कळवलंय, तुझी तिन्ही पत्रं जोडून. तुझी तार तीनदा खरं बोलली, तू तिला खोटं पाडलंस.

लोभ होता, म्हणून तर डॉक्टरला सोडून तुला विचारलं.

ताई