गार होईपर्यंत

सालवड, बोईसर
१२ डिसेंबर

चि. हेमांगीस,
अनेक आशीर्वाद.

सवयीनं ‘चि. सौ.’ लिहायला हात गेला होता. मग थांबले आणि नुसतं चि. लिहिलं. एवढ्यातच रडायला लागले तर पुढचं कधी लिहिणार, म्हणून आधी बातम्या देते.

नळाला एक दिवसाआड पाणी येतं. शेजारच्या वर्षाराणीनं नवा मिक्सर घेतलाय आणि रोज सकाळी तो सगळ्या चाळीला ऐकवते. माझा गुडघा आहे तसाच. फोनवर तू “बरं आहे” म्हणतेस, मीही “बरं आहे” म्हणते आणि दोघी फोन ठेवतो, म्हणून हे पत्र. तुमच्या सातपाटीहून मंजुळाताई मासळी घेऊन इकडे येतात, त्यांच्याच हाती देईन.

रविवारी माझा भाऊ आनंदा मला गावी न्यायला येतोय. म्हणतो, “सुजित गेला, सून माहेरी गेली, आता तिथं कुणासाठी बसलीस?” चुकीचं काही बोलत नाही. खोली सोडायची म्हणून मी आवरायला घेतली.

फळीवर सुजितची बाटली सापडली, त्यानं कारखान्यात पहिल्यांदा स्वतः बनवलेल्या क्रीमची. तेव्हा त्यानं पेल्यात पाणी आणि गोडेतेल ढवळून दाखवलं होतं, आठवतं? तेल लगेच वर आलं. मग भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून ढवळलं, तर दुधासारखं पांढरं झालं. मी म्हटलं, “विरघळलं की रे तेल!” तो हसला. “नाही आई, तेल तेलच आहे, नुसते बारीक थेंब झालेत. साबण एका टोकानं तेलाला धरतो, दुसऱ्यानं पाण्याला. प्रत्येक थेंबाभोवती तो उभा असतो, म्हणून थेंब परत एकमेकांना मिळत नाहीत.” तू लगेच म्हणालीस, “म्हंजे आमच्या दोगींमदला साबण तूच!”

खोटं नव्हतं ते. मी जन्मात मासळीला हात न लावलेली, आणि तुझ्या घशाखाली मासळीशिवाय घास उतरत नाही. तू कालवण टाकलंस की मी नाक धरून बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. आणि हा गडी माझी भाकरी तुझ्या कालवणात बुडवून मिटक्या मारत खायचा. त्याच्या जिवावर आपण एका खोलीत नांदलो. पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. मग तू एकीकडे, मी एकीकडे. भांडण असं झालंच नाही आपलं. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

बाटलीच्या तळाला आता पाणी सुटलंय. तो म्हणायचा, “गरम असताना कुणीही मिसळेल. पण पार गार होईपर्यंत हळूहळू ढवळत राहावं लागतं. कंटाळून मध्येच थांबलं की माल फुटतो.” दिवसकार्याला घर माणसांनी भरलं होतं. ती आपापल्या वाटेनं गेली आणि आपण दोघींनीही हात थांबवला. आता दिवसभर माझ्याशी बोलतो तो वर्षाराणीचा मिक्सर.

आता सांगते त्याला हसू नकोस. परवा मी मंजुळाताईंकडून सुके बोंबील घेतले आणि रात्रभर भिजत घातले. सकाळी सगळा लगदा. मंजुळाताईंनी कपाळावर हात मारला. “आवो काकू, बोंबील हाय तो, मटकी नाय! आनि तुमी कदीपासना खायला लागल्या?”

मी म्हटलं, खायला नाही, घरात वास असावा म्हणून घेतले. त्यांनी टोपली डोक्यावर घ्यायला मला हात लावायला सांगितलं. मी लावला.

हेमांगी, मला गावी जायचं नाही. तिथं सुजितचं नाव काढणारे पुष्कळ आहेत, पण तो जेवताना कसा दिसायचा ते तुला आणि मलाच ठाऊक. तुझ्यावर जबरदस्ती नाही. तू तरुण आहेस, उद्या नवा संसार मांडलास तर अक्षता टाकायला मी पहिली येईन. पण तोवर इथं राहशील का? राहणार असशील तर रविवारच्या आत ये. आनंदाला मी काय सांगायचं ते सांगेन.

मासळी मी खाणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण तू कालवण टाकलंस तर यापुढे पायरीवर जाऊन बसणार नाही.

सुजितची आई,
आणि तू म्हणशील तर तुझी,
सोजरा