पत्र्याचा हात

कास्त्रोवूनी,
२७ एप्रिल १९०६

लियाकोस,

तू जिवंत आहेस आणि दोन वेळा जेवतोस हे फोतीस मास्तरांकडून कळलं, म्हणून तब्येत विचारत बसत नाही. इकडे सगळे बरे. तुझा काळा बोकड तर जरा जास्तच बरा आहे. काल त्यानं माझा वाळत घातलेला परकर खाल्ला, तोही चांगला. शेजारी फाटका होता, त्याला तोंड लावलं नाही. मालकावर गेलाय.

संत योर्गीचा सण होऊन चार दिवस झाले. गावातले सगळे कळप डोंगरावर गेले. खाली राहिल्या त्या फक्त तुझ्या बावीस शेळ्या, माझ्या अंगणात. "थोडे दिवस सांभाळ, अथेन्सच्या खेळांत फेकली थाळी की आलोच," असं म्हणून गेलास. दूध काढून माझी बोटं वळेनाशी झालीत, आणि अंगणात हिरवं म्हणून काही उरलं असेल तर ते माझ्या दाराचा रंग. तोही चाटायला लागल्यात. तू काही माझा नवरा नाहीस, भाऊ नाहीस. मग मी हे का सोसते, असं गावानं अजून विचारलं नाही. विचारायच्या बेतात आहेत.

मास्तर परवा खेचरावरून उतरले. तू त्यांना पिरीअस बंदराच्या धक्क्यावर पोती वाहताना दिसलास आणि "गावात सांगू नका, मी आता परत येत नाही" म्हणालास. मास्तरांनी तोंड बंद ठेवलं. त्रिपोलित्सापासून आपल्या वेशीपर्यंत ठेवलं. मग कॉफीच्या दुकानात टेकले आणि पहिला घोट घ्यायच्या आत सगळं सांगून मोकळे झाले. मी समोरच्या ओट्यावर रानभाजी निवडत होते. निवडत कसली, तीच जुडी पाच वेळा निवडली.

देशोदेशीचे गडी आले होते म्हणे, एकेक दारात मावणार नाही असा. राजा बसला होता, राणी बसली होती. तू त्या उतरत्या फळीवर चढलास. पहिल्या वेळी थाळीच्या आधी तूच खाली आलास. दुसरी लांब गेली, पण तू जुन्या खोडीनं गिरकी घेतलीस आणि पंचानं बाद केली. तिसरी वाकडी गेली आणि उंच टोपीवाले दोन पंच लेंगे सावरत पळाले. मास्तरांनी ते पळणं असं करून दाखवलं की मित्रोसचा कप फुटला. सगळे हसले. मी पण हसले, खोटं कशाला सांगू.

आता मला सांग, यात तोंड लपवण्यासारखं काय आहे? जन्मभर तू दगड फेकलास तो अंगाची गिरकी घेऊन. आपल्या पाच गावांत तुझ्यापुढे कोणी दगड टाकला नाही. आणि तिथे म्हणे पाय न हलवता, जुन्या पुतळ्यासारखं वाकून फेकायचं, कारण जुनी माणसं तशी फेकायची. जुन्या माणसांना बघितलंय कोणी? मास्तरांनी शहाणपणा केला, पुस्तकातलं चित्र दाखवलं, आणि तू महिनाभर माझी काथवट उलटी घालून, मागून दगड लावून, तिच्यावर चढून वाकत बसलास. काथवटीला चीर पडली. अजून पावात लाकडाच्या कपच्या लागतात. मी तेव्हाच म्हणाले होते, पुतळा व्हायचं तर आधी बोलायचं बंद कर. तुला राग आला होता. मग तासभर बोलला नाहीस, तेवढाच काय तो पुतळा झालास.

इथे तुला कोणी नावं ठेवत नाही. म्हाताऱ्या म्हणतात नजर लागली, अथेन्सच्या कुठल्यातरी टोपीवाल्या बाईची. आणि जी ती मला विचारते, "अगं स्ताव्रेना, तू तर देवमातेपुढे पत्र्याचा हात टांगला होतास त्याच्यासाठी. तरी असं कसं झालं?" मी खाली मान घालून दूध काढते. शेळ्यांचा तेवढा एक उपयोग.

हे पत्र मी तीनदा लिहून चुलीत घातलं. चौथ्यांदा लिहिते आहे, आता कागद संपला, म्हणून हे जाणारच.

तू निघालास त्या सकाळी विहिरीवर काय म्हणालास आठवतं? "जिंकून आलो की तुला एक विचारायचंय." मी म्हटलं, काथवट मागणार असशील तर आत्ताच नाही म्हणते. तू हसला नाहीस. वेशीपर्यंत सगळं गाव टाळ्या वाजवत तुझ्यामागे गेलं. मी गेले नाही. तुला वाटलं असेल पाणी भरायचं होतं.

नऊ वर्षांपूर्वी ह्याच वेशीतून ह्याच लोकांनी टाळ्या वाजवून माझ्या स्ताव्रोसला लढाईला पाठवलं. तो पण म्हणाला होता, जिंकून येतो. थेसालीतून त्याचा नुसता कोट आला.

तू निघालास तेव्हा मास्तर म्हणत होते, जिंकला तर राजाच्या पंगतीला बसवतील, फोटो काढतील, अमेरिकेला नेतील. त्रिपोलित्सातले व्यापारी मुली घेऊन रांगेत उभे राहतील. सगळे खूश होते. मी घरी आले, फेरीवाल्याकडून पत्र्याचा उजवा हात घेतला आणि देवळात जाऊन देवमातेच्या तसबिरीपुढे टांगला. दुखऱ्या हातासाठी टांगतात तसाच, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. पापा-लूकास पाद्री असून त्यांनीही ओळखलं नाही, उलट माझं कौतुक केलं. पण मी मागितलं ते वेगळंच. म्हटलं, आई, त्याच्या हातातलं बळ तेवढा एक दिवस काढून घे. त्याला हरव आणि घरी पाठव.

तिनं अर्धंच ऐकलं.

तू हरलास तर घरी येणार नाहीस, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गावातले सगळे पुरुष हरूनच घरी येतात, जत्रेतून, बाजारातून, कचेरीतून. तुझी एवढी मिजास असेल असं कुणाला वाटलं होतं?

परवा पापा-लूकासना जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी बराच वेळ दाढी खाजवली. म्हणाले, "देवमाता असल्या मागण्या ऐकत नसते. तो आपल्या पायानं घसरला." मग दारापर्यंत आले आणि म्हणाले, "पण तू त्याला सांगितलं पाहिजेस." म्हणजे खात्री त्यांनाही नाही.

तर सांगितलं. आता चिडलास तर खुशाल चीड. पण तिथे पोत्यांवर बसून चिडून काय उपयोग, तिथे तुझं कोण ऐकणार? इथे येऊन चीड. माझ्या अंगणात उभा राहून, सगळ्या शेळ्यांसमोर, हवा तेवढा ओरड. मी मधे बोलणार नाही. एवढा मान मी स्ताव्रोसला पण दिला नव्हता.

आणि जिंकल्याशिवाय विचारायचं नाही हा नियम तुझा, मी कधी मान्य केलेला नाही. तू तसाही विचारायला तीन वर्षं लावलीस आणि शेवटी विचारलं नाहीसच. म्हणून तुझं विचारणं राहू दे बाजूला, मीच सांगून टाकते. हो.

हो म्हणजे हो. ह्याच्यात चेष्टा नाही. माझ्या बोलण्यात चेष्टा कुठली आणि कुठली नाही हे तुला कधीच कळत नाही, म्हणून वेगळं लिहिलं.

हे पत्र मित्रोस उद्या त्रिपोलित्साच्या गाडीवर देईल. त्याला वाचता येत नाही, म्हणूनच त्याच्याकडे देते.

लग्न झाल्या दिवसापासून गाव मला नवऱ्याच्या नावानं हाक मारतं. तो गेला तरी मी स्ताव्रेनाच. आईबाप गेल्यावर माझं नाव घेणारं इथे कोणी उरलं नाही, तुलाही ते ठाऊक नसेल. तेवढं ह्या पत्रात तुला देते.

अर्गिरो