चार बाटल्यांतली पाचवी

३ फेब्रुवारी, मंगळवार

आवाज बसलाय. पण काय बोलले काल! पंचवीस मिनिटं. वेळ सांभाळणाऱ्याने तीनदा घंटी वाजवली, तिन्ही वेळा ती टाळ्यांत बुडाली.

औषध-किंमत समितीची खुली बैठक होती. पहिल्या रांगेत कंपनीचे चार वकील, कडक इस्त्रीत. मी पिशवीतून आमच्या औषधाची रिकामी बाटली काढून वर धरली. म्हटलं, ही एवढी मोठी का, सांगा. डोस ठरतो माणसाच्या वजनावर. माझ्यासारखीला हिच्यातले तीन हिस्से पुरतात. चौथा केरात. पैसे मात्र चारही हिश्श्यांचे! कुठला बेकरीवाला तीन पाव गिऱ्हाइकाला देतो, चौथा गटारात टाकतो आणि वर त्याचेही पैसे मागतो?

मागच्या रांगेतून आमचा बेकरीवाला ओरडला, “मी नाही टाकत हो!” सगळं सभागृह हसलं. एक वकीलसुद्धा.

मग मी आवाज खाली आणला. नफा करा, म्हटलं, धंद्याला बसला आहात. पण केराचाही नफा? छोटी बाटली काढा! अध्यक्षांनी लिहून घेतलं. डोळ्यांनी पाहिलं मी — लिहून घेतलं!

तीस वर्षं कारखान्यांच्या फाटकांवर बोलले. इतकं नेमकं क्वचितच लागलं असेल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दर दुसऱ्या गुरुवारी आम्ही चौघं इस्पितळाच्या त्या लांबट खोलीत सुई टोचून घेऊन तीन तास बसतो. मी, टॅक्सीचा ड्रायव्हर, बेकरीवाला आणि शाळेतून निवृत्त झालेली गणितवाली. नसांचा आजार, चौघांना एकच. औषधाची एक पाळी चुकली की ड्रायव्हरच्या पापण्या गळतात, बेकरीवाल्याला कणकेचा गोळा उचलवत नाही. माझा आवाज जातो. आधी ओठ मिटेनासे होतात, मग शब्द नाकातून यायला लागतात.

चौघं एकाच दिवशी का? हे मी सोमवारी सांगितलं नाही आणि या वहीबाहेर कुठे सांगणारही नाही. आमच्या बाटल्यांतला चौथा हिस्सा केरात जातच नाही. सिस्टर तो टिपून ठेवतात. चार चौथे हिस्से, सांडलवंड वजा जाता, म्हणजे एक माणूस. खिडकीजवळच्या पाचव्या खुर्चीवर ती बसते — घरी शिलाई मशीन चालवते, नगामागे पैसे मिळतात. कुठल्या विम्यात बसत नाही, कुठल्या फंडात बसत नाही. अर्ज तीनदा परत आला. आम्ही तिला पाचवीच म्हणतो, आणि तीही हाक मारली की ओ देते. डॉक्टरांना माहीत आहे. त्या वेळी ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असतात.

आज माझ्या हाताला पट्टी लावता लावता सिस्टर म्हणाल्या, “भाषण ऐकलं, ताई. फार छान बोललात.” मी खुलले. मग त्या हळूच म्हणाल्या, “छोटी बाटली आली की उरणार काय?”

हाताला सुई होती, म्हणून उठताही येईना. पाचवी खिडकीबाहेर बघत होती.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सिस्टरांच्या एका वाक्याला उत्तर लिहायला बसले. चार कागद फाडले. मी!

८ फेब्रुवारी, रविवार

भाचा आला. कंपनीतच आहे तो, किमती ठरतात त्या विभागात. लहानपणी माझ्या मांडीवर बसून मोर्च्याला यायचा. आता वातानुकूलित गाडीतून येतो, पण चपला अजून दारातच काढतो.

“मावशी, सोमवारी आमच्या साहेबांची पार धुलाई केलीस.”

“तुझी नाही झाली?”

“मी मागे बसलो होतो.”

मग दोन तास जुंपली. तो काही बावळट नाही. म्हणाला, दहा औषधं शोधायला घेतली तर नऊ बुडतात. त्या नऊंची किंमत दहाव्यात नाही घालायची तर कुठे घालायची? नफा दिसला नसता तर या आजारावर कुणी पैसा लावला असता का — रुग्ण आहेत मूठभर! “आणि मग तू व्यासपीठावर नसतीस, अंथरुणावर असतीस. हे कबूल कर.”

कबूल केलं. खोटं कशाला बोलू? हे औषध नसतं तर मी गप्प झाले असते, कायमची. ज्यांनी शोधलं त्यांचे पाय धरीन मी. पण म्हटलं, पहिली अठरा वर्षं त्यावर विद्यापीठात काम झालं, लोकांच्या करातून. तो खर्च तुमच्या किमतीत कुठे वजा केलात? आणि त्या नऊ बुडालेल्यांवर किती गेले, दाखवा. दाखवा ना! हिशेब न दाखवता जो दाम सांगतो त्याला आम्ही बाजारात काय म्हणतो?

“ते गोपनीय असतं, मावशी.”

“माझं वजन मात्र प्रत्येक कागदावर.”

हसला. निघताना पाचवीबद्दल विचारलं — म्हणजे, अशी कुणी असेल तर, असं. म्हणाला, कंपनीची गरजूंसाठी योजना आहे, अर्ज करायला सांग. किती दिवस लागतात? तो चपला घालत म्हणाला, “आठ-नऊ महिने.”

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

छोटी बाटली आली! ‘रुग्णांच्या मागणीचा आदर राखून.’ पेपरात पहिल्या पानावर. माझा फोटो, हात वर केलेला. फोन थांबत नाही. जुन्या युनियनमधले तर रडलेच.

गणितवालीने एकच फोन केला, कोरडा. “ताई, एका डोसाला छोट्या तीन लागतात. तीन छोट्यांची किंमत काढली मी. एका मोठीएवढीच आहे. पैशाचा फरक नाही.”

म्हणजे त्यांचं काहीच गेलं नाही. आमचं फक्त उरणं गेलं.

मोठी बाटली बंद. साठा मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

फोटोत मी बावळट दिसते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पाच खुर्च्या. कुणी अभिनंदन केलं नाही. बेकरीवाल्याने बिस्किटं आणली होती, ती तशीच राहिली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

शेवटी गेले तिच्याकडे. तिसरा मजला, एकच खोली, मशीन खिडकीला लावलेलं. शाळेच्या गणवेशांचे शर्ट, निळे, छतापर्यंत. ती काज करत होती. डाव्या पापणीला पारदर्शक चिकटपट्टी लावून ती वर ओढून ठेवली होती — सुई टोचली तरी औषध चढायला तीन-चार दिवस लागतात, तोवर डोळा मिटतच राहतो, काज तर करायचीच.

मी वाटेत सगळं जुळवून आणलं होतं. क्षमा, कारणं, पुढचा लढा. पहिल्याच वाक्याला तिने हात वर केला.

“टाळ्या मीही वाजवल्या, ताई. दारात उभी होते.”

“मग तुझ्या लक्षात —”

“तेव्हाच आलं. छोटी म्हणालात तेव्हाच.”

“अगं, मग बोलली का नाहीस? थांबवायचं मला!”

तिने दोरा दातांनी तोडला. “तुम्ही बोलत असताना मध्ये बोलायला जागा कुठे असते?”

रागाने नाही म्हणाली. चिकटपट्टी लावलेल्या डोळ्याने नीट बघत म्हणाली. मग चहा टाकला. मी चहा प्यायले आणि जिना उतरले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरातून भाषण न करता बाहेर पडले.

२२ फेब्रुवारी, रविवार

समितीला पत्र लिहिलं. माझी मागणी चुकीची होती, प्रश्न बाटलीचा नाही, दामाचा आहे. सही केली. आपण चुकलो हे छापील कागदावर पाहणं — बघू तर! सोसेल.

पेपरवाल्यांनाही प्रत पाठवली. कुणी छापणार नाही. पाठवली.

२ मार्च, सोमवार

समितीचं उत्तर: शेवटची सुनावणी २४ मार्चला. दाम कमी करायचा की नाही, त्याच दिवशी ठरणार. मला वीस मिनिटं दिली आहेत. कंपनीला चाळीस.

वीस पुरेत! अठ्ठावीस पानं वाचून काढली त्यांच्या अहवालाची. अकराव्या पानावर जाहिरातीचा खर्च आहे, सतराव्यावर संशोधनाचा. कुठला मोठा, ते मी सांगणार नाही. तिथे त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेणार.

५ मार्च, गुरुवार

शेवटच्या मोठ्या बाटल्या. सिस्टर थेंब थेंब टिपत होत्या, कुणी श्वासही जोरात घेत नव्हतं. पाचवीला पूर्ण डोस मिळाला. जाताना तिने आपली खुर्ची उचलून भिंतीला लावून ठेवली. ड्रायव्हर म्हणाला, “राहू दे की तिथेच.” ती म्हणाली, “वाटेत येते हो.”

१० मार्च, मंगळवार

डॉक्टरांना गाठलं. सरळ विचारलं: आमच्यापैकी एखाद्याने ऐन वेळी औषध नको म्हटलं तर?

त्यांनी चष्मा काढला, पुसला. “औषध एकदा पिशवीत मिसळलं की परत जात नाही. सहा तासांत वापरायचं, नाहीतर टाकायचं. पेशंटने नकार दिला तर मी ‘नकार’ लिहितो.”

“आणि ती पिशवी?”

“ती पुढे कुठे जाते, यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.” मग ते म्हणाले, “एक पाळी चुकल्याने कुणी मरत नाही. पण पंधरवडा वाईट जातो, ताई. मी सल्ला देणार नाही.” आणि कॅलेंडर वाचायला लागले.

१४ मार्च, शनिवार

बेकरीच्या मागच्या खोलीत तिघांना जमवलं. भट्टी बंद होती तरी घाम. मी मांडलं: पाच माणसं, चार पिशव्या. प्रत्येकाने पाचातली एक पाळी सोडायची, पाचवीनेसुद्धा. दाम उतरेपर्यंत. त्यांनी आमचं उरलेलं काढून घेतलं ना? मग आम्ही आमच्या वाट्याचंच वाटून घेऊ! बघू, त्यावर कुठली बाटली काढतात!

बोलता बोलता उभी राहिले. सवय.

गणितवाली म्हणाली, “गणित बरोबर आहे. धीर माझा नाही. विचार करते.” बेकरीवाला म्हणाला बायकोला विचारतो, आणि विचारून काय उत्तर येणार ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

ड्रायव्हर मात्र उसळला. “पापणी गळली की गाडी उभी! पंधरा दिवस! घरी दोन पोरी, आई. ताटात काय वाढू — ताईंचं भाषण?”

“अरे, पाचपैकी एकदा —”

“घोळ कुणी घातला? मी? बाटली कुणी हलवली वर धरून? तुम्ही बोलायचं आणि आम्ही भरायचं, होय?”

दार आपटून गेला. पावांचे ट्रे हलले.

बरोबरच बोलला तो. हेच तर झोंबतंय.

१६ मार्च, सोमवार

ठरलं. गुरुवारी मी नकार देणार. एकटी. घोळ माझा, पाळी माझी.

मंगळवारी सुनावणी. म्हणजे तोवर शेवटच्या औषधाला एकोणीस दिवस होतील. आवाज राहणार नाही. खरं सांगायचं तर दोन दिवस याच एका गोष्टीभोवती फिरतेय — मरणाची भीती नाही वाटत, त्या माइकसमोर नाकातून बोलण्याची वाटते. चाळीस मिनिटं त्यांचे वकील घडाघडा बोलणार आणि मग मी, ओठ न मिटणारी म्हातारी.

भाच्याचा फोन आला. सांगितलं त्याला. म्हणाला, “मावशी, हा वेडेपणा आहे. नंतर दे की पाळी. सुनावणीनंतर.”

“आणि ती? तिचा गुरुवारी पंधरावा दिवस आहे.”

“तू नीट बोललीस तर दाम उतरेल. शेकडो लोकांना मिळेल. एका बाईसाठी —”

“एका बाईला विसरून बोलले म्हणूनच हे झालं, बाबा.”

फोन ठेवला. पण तो बोलला त्यात तथ्य नाही असं नाही. दोन्ही बाजू मलाच मांडता येतात, हा माझा रोग औषधाआधीपासूनचा आहे.

१८ मार्च, बुधवार

भाषण लिहून काढलं, मोठ्या अक्षरात. माझं मलाच वाचता आलं नाही तर गणितवाली वाचेल. तिचा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा म्हणे. उद्या नकार देताना बोलायची चार वाक्यंही जुळवली आहेत. चारच. तेवढी माफ. पाचवीला नेहमीच्या वेळी यायचा निरोप धाडलाय.

होऊ दे काय व्हायचं ते! नफा त्यांचा, नकार माझा.

१९ मार्च, गुरुवार

माझी चार वाक्यं खिशातच राहिली. ड्रायव्हर नेहमीसारखा सर्वांत आधी आला होता. त्याची पिशवी मिसळून टांगली, सिस्टर सुई घेऊन वळल्या, आणि त्याने वर केलेली बाही खाली ओढली. “नकार लिहा,” म्हणाला. भिंतीशी लावलेली खुर्ची उचलून त्याने पिशवीखाली ठेवली, पाचवीला दंडाला धरून बसवलं आणि टॅक्सीची किल्ली मालकाला देऊन आलोय म्हणून सांगितलं. मी तोंड उघडलं, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “तुम्ही निमूट सुई घ्या. मंगळवारी बोला, पोटभर बोला. पण काय बोलायचं, ते आधी हिला विचारून.”